अधांतरी पाणबुडी

९ जानेवारी

चि. भुंग्या यास,
अ. उ. आ., आणि सोबत एक कानपिळणी.

तुझं पत्र मिळालं. चार पानं तुझ्या सिनेमातल्या पाणबुडीवर आणि बाबांवर दीड ओळ, तीही ‘बाबा बरे असतील’ अशी. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारीच असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून तर पत्र लिही म्हटलं होतं. आता आधी माझं ऐकून घे, मग तुझ्या पाणबुडीकडे वळते.

बाबा बरे नाहीत. तसे जेवतात, झोपतात, पेपर वाचून सगळ्या जगाला नावं ठेवतात. पण मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायला निघाले की मधल्या बोळात अडकतात. भिंतीला हात लावून उभे राहतात आणि विचारतात, पुढे येऊ का? हे त्यांचं जुनंच आहे. आपल्यालाही लहानपणी विचारल्याशिवाय मागून पुढे यायची सोय नव्हती, त्यावरून मित्र तुला किती चिडवायचे. पण आई असताना ते विचारायचे आणि यायचे. आता मी ‘या ना बाबा’ म्हणते तरी येत नाहीत. पुन्हा विचारतात. मी उठून जाते, हात धरते, पुढे न्यायला बघते, तर असे ताठ होतात की जागचे हलत नाहीत. मग पाय सुजेपर्यंत तसेच उभे. परवा तिथेच पडले. कपाळाला टेंगूळ आलं, त्यावरच निभावलं म्हणायचं.

डॉक्टर म्हणतात वय झालं, आई गेल्याचा धक्का आहे, असं होणारच. गोळ्या दिल्या आहेत. त्या घेतल्या की बाबा बोळात उभ्या उभ्या पेंगतात, म्हणजे माझ्या जिवाला आणखी घोर. दुपारपर्यंत मी शाळेत असते तेव्हा त्यांना सांभाळायला कामाच्या मावशी येतात. मावशी असताना म्हणे ते सरळ पुढे येऊन खुर्चीत बसतात. मी घरात पाऊल टाकलं की हे सुरू. मावशी मला हे अशा काही सुरात सांगतात की वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. खरं सांगू, मला फार लागतं ते.

गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. मी बघून आले. मोठी हवेशीर खोली, ओळीने खाटा, बोळ नावाला नाही. तिथल्या बाईंनी एक खाट फेब्रुवारी संपेपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवली आहे. दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. मी पेन उचलते आणि परत खाली ठेवते. बाबांना घरात ठेवायचं की तिकडे न्यायचं, तू काय ते सांग. एकटीच्या डोक्यावर मला हे नको.

आता तुझा प्रश्न. इंजिन बंद, पंप बंद, पाणबुडी समुद्राच्या मधल्या पाण्यात शांत लटकलेली, आत माणसं कुजबुजतायत आणि वरून शत्रूचं जहाज चाललंय. हे होऊ शकतं का? होऊ शकत नाही. तुझ्या दिग्दर्शकांना माझ्या नववीच्या वर्गात पाठव. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. तो जोर आणि पाणबुडीचं वजन अगदी सारखं असलं तरच ती लटकेल. समजा केलं सारखं. पण ती जराशी खाली सरकली की पाणी तिला जास्त दाबतं, तिचं पोट किंचित आत जातं, ती आधीपेक्षा कमी पाणी सारते, वर उचलणारा जोर घटतो आणि ती आणखी खाली जाते. वर सरकली तर याच्या बरोबर उलट. मध्ये राहणं तिच्या नशिबातच नाही. कुणीतरी सतत पाणी आतबाहेर करून तिला सांभाळावं लागतं.

बाबांना विचार असं लिहिलंस. आपल्या जन्माआधी ते पाणबुडीवर नोकरीला होते, यापलीकडे त्यांनी आजवर कधी एक शब्द काढलाय, की आता काढतील?

वेळेवर जेव आणि ओल्या कपड्यांत हिंडू नकोस. लोभ आहे म्हणूनच बोलते, हे ध्यानात असू दे.

तुझी
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कान अजून लाल आहे, पण पिळणारा हात ओळखीचा, म्हणून तक्रार नाही.

वृद्धाश्रमाचं वाचलं आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग काढलं, वाचलं, परत ठेवलं. ताई, मला हो म्हणवत नाही. आणि नाही म्हणायला मला तोंड नाही, कारण बोळात तू उभी असतेस आणि मी इथे हौदाच्या काठावर फायबरच्या खेळण्याशी खेळत बसलेला असतो. शूटिंग संपेपर्यंत मला इथून हलता येत नाही. त्या बाईंना अजून काही कळवू नकोस, एवढंच मागतो.

खेळण्याचं म्हणशील तर माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. पाणबुडीचं मॉडेल माझ्या दुप्पट उंचीइतकं लांब आहे, मी स्वतः घडवलंय, आणि दिसायला असं झकास की कॅमेरामनने दोनदा हात फिरवून बघितला. पोटात शिशाचे तुकडे घालून घालून सकाळी वजन असं बरोबर जमवतो की पाण्याच्या मधोमध उभी राहते. सगळे टाळ्या वाजवतात. लाइट लावेपर्यंत ऊन चढतं आणि बाईसाहेब हळूच तळाला जाऊन बसतात. कुणी हात लावलेला नाही, भोक पडलेलं नाही. मग मी शिसं काढतो, तर संध्याकाळी ती वर येऊन पाठ शेकत पडते. लाइटवाले म्हणतात हौदात काहीतरी आहे. दिग्दर्शक म्हणाले तारेने टांगा. तार कॅमेऱ्यात दिसते. आता सगळे कॅमेऱ्याऐवजी माझ्याकडे बघतात.

तुझं उत्तर मी दिग्दर्शकांना वाचून दाखवलं. मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, ताईंना सांगा, आमचे प्रेक्षक नववीतून आनंदाने बाहेर पडलेले असतात. इथे एक सल्लागारही नेमलेत. पाणबुडीवरचे निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना कप्तान म्हणतात. छत्रीखाली टोपी तोंडावर घेऊन झोपणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांना उठवून विचारलं की पाणबुडी मधल्या पाण्यात नुसती लटकू शकते का. म्हणाले, लटकते की, मी स्वतः लटकलोय. आणि परत टोपी तोंडावर. आता मी तुझं खरं मानू की त्यांचं? त्यांनी लटकून पाहिलंय आणि तू वर्गात शिकवलंयस, दोघांपैकी एकजण मला गंडवतोय.

बाबांचा विचार करता करता एक जुनंच कोडं डोक्यात आलं. आई-बाबा दोघं पुढच्या खोलीत शेजारी शेजारी बसलेले तुला आठवतात का? मला आठवत नाहीत. बाबा पुढे आले की आई हातातलं टाकून मागे जायची. जेवायला बोळालगतच्या मधल्या खोलीत, तीही टेबलाच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक. भांडण कधी ऐकलं नाही, पण मला लहानपणापासून वाटायचं की हिचं त्यांच्याशी मनातून पटत नाही. मग बाबा आता एवढे खचले कशाने? ज्या बाईने जन्मभर त्यांच्याजवळ बसायचं टाळलं, ती गेली म्हणून? मला खरंच कळत नाही.

स्वतःला जप. तुझा लोभ मला पुरून उरतो, पण कमी करू नकोस.

तुझा
भुंग्या


२ फेब्रुवारी

चि. भुंग्या यास,
अ. उ. आ. आज कान नाही, पाठीवर हात.

आधी तुझ्या हौदाचं. त्यात भूतबीत काही नाही, ऊन आहे. पाणी तापलं की हलकं होतं. तुझी पाणबुडी तेवढंच पाणी सारते, पण ते पाणी आता हलकं असतं, म्हणून उचलणारा जोर कमी आणि ती तळाला. संध्याकाळी पाणी गार झालं की उलटं. नववीचा धडा मन लावून शिकला असतास तर लाइटवाल्यांना भुताची भीती वाटू दिली नसतीस.

पण त्या कप्तानांनी माझी झोप उडवली. मला आधी रागच आला. मग भाजी चिरताना, पेपर तपासताना तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि शेवटी माझी मीच कपाळावर हात मारून घेतला. मी सगळीकडे एकसारखंच पाणी धरून चालले होते. समुद्र काही एकसारखा नसतो. वर कोमट किंवा कमी खारट पाणी, आणि खाली गार, खारट, म्हणून जड. पाणबुडी वरच्या पाण्यात थोडी जड असली तर बुडत बुडत त्या जड पाण्यापर्यंत येते, आणि तिथे ती हलकी ठरते. खाली जाता येत नाही, वरही जाता येत नाही. मग लटकते. कप्तानांना माझा नमस्कार सांग, आणि लवकर झोपेतून उठवल्याबद्दल माफीही माग.

खात्री करायला म्हणून एका दुपारी शाळेतून आल्यावर, मावशी जायच्या आत, स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. काचेच्या उंच बरणीत तळाला मिठाचं गच्च पाणी, वरून चमच्याच्या पाठीवरून हळूहळू साधं पाणी, आणि त्यात अंडं सोडलं. ते गेलं, गेलं आणि मध्येच थांबलं. आधार नाही, दोरा नाही, बरणीच्या मधोमध अंडं. मावशी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

तेवढ्यात बाबा आपल्या खोलीतून आले. बरणीपाशी वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे न बघता अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “कुणी जागचं हलायचं नाही.”

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. मावशी ओल्या हातांनी तशाच उभ्या. गॅसवर दूध होतं. मी बंद करायला उठले तर बाबांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. त्यांच्या हातात अजून एवढा जोर आहे हे मला ठाऊक नव्हतं. दूध उतू गेलं, गॅस विझला, मावशींनी कशीबशी वाकून कळ फिरवली. बाबा अंड्याकडे बघत होते. पंप बंद आहेत, असं एकदा पुटपुटले. मग उठले आणि बोळात जाऊन उभे राहिले. पुढे येऊ का?

मला वाटलं, पुढच्या खोलीत कुणी नाही म्हणून ते येत नसतील. मी धावत त्यांच्या बाजूने पुढे गेले, तिथून हाका मारल्या, या बाबा, मी आहे इथे, या. त्यांनी मान हलवली, नाही अशी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भुंग्या, आई गेली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आश्रमाच्या बाई त्यांना बघायला आल्या. बाबा उठून उभे राहिले, छान नमस्कार केला, बसा म्हणाले आणि मग अत्यंत अदबीने विचारलं, आपलं वजन किती? बाई चांगल्याच भरलेल्या आहेत. त्यांनी चहाही घेतला नाही. जाताना दारात मला म्हणाल्या, खाट अजून आहे, पण फार थांबवू नका, अशा माणसाला घरी सांभाळणं तुमच्या आवाक्यातलं नाही. माझ्या भागाची सही मी काल केली. तुझी जागा रिकामी आहे.

तू आई-बाबांचं लिहिलंस ते मलाही वाटायचंच. पण आता त्यात शिरायला माझ्यात त्राण नाही.

बाबांना सांगितलं की तुला लिहितेय, तर पेन मागितलं. त्यांनी लिहिलं ते खाली तसंच आहे. वाचून घाबरू नकोस. आई नाही हे ते विसरलेत.

प्रेम तसंच ठेव, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझी
ताई


चि. भुंग्या यास आशीर्वाद.

तू पाणबुडीवर गेल्याचे ताईकडून समजले. आधी कळवायचे होते. तिथे वरिष्ठ सांगतील तसे वागावे, जागा सोडताना विचारावे. इकडे सर्व स्थिर आहे.

तुझी आई बरेच दिवस झाले पुढे गेली आहे, ती अजून मागे आलेली नाही. त्यामुळे माझा खोळंबा झाला आहे. ताई गुणी आहे, पण तिला कुणी काम समजावून दिलेले नाही. मी विचारले की ती माझ्याकडेच येते आणि मला धरून पुढे नेऊ पाहते. अशाने सगळेच खाली जातील. तिला रागावणे बरे वाटत नाही.

आई तिकडे दिसल्यास निरोप द्यावा. घाई नाही, मी उभा आहे.

बाबा


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र नीट बसून वाच, घाईत वाचू नकोस.

तुझं अंडं पास झालं. आम्ही हौदात पोत्यांनी मीठ ओतलं, वरून नळीने हळूच साधं पाणी सोडलं, आणि माझी पाणबुडी मधोमध अशी थांबली की सकाळ, दुपार, संध्याकाळ हलायचं नाव नाही. शॉट घेतला. पडद्यावर बघितला तर दिग्दर्शकांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, हे खोटं वाटतंय, एवढं स्थिर काही नसतं. आता दोन माणसं हौदात उतरून तिला हाताने डुलवतात आणि ते सगळ्यांना खरं वाटतंय. मी वाद घातला नाही. खरं काय ते मला तरी कुठे कळलंय.

पण लिहायचं ते वेगळंच. पाणबुडीच्या आतला सेट आम्ही सीसॉसारखा डुलवता यावा म्हणून एका मोठ्या आडव्या कण्यावर बसवलाय, लांबच लांब बोळासारखा, दोन्ही टोकांना खोल्या. परवा नटांनी घाबरून पुढच्या टोकाकडे पळायचं होतं. सगळे एकदम पळाले आणि अख्खा सेट नाक खाली घालून कलंडला. कुणाला लागलं नाही, पण कप्तान छत्रीखालून उठून आले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, लटकलेल्या पाणबुडीत कुणी असं पळत नाही. एक माणूस मागून पुढे आला तरी नाक खाली जातं. नाक खाली गेलं की ती त्या जड पाण्यावरून घसरते, आणि एकदा घसरली की मग तुझ्या पहिल्या पत्रातलंच सगळं, खाली, आणखी खाली. एरवी पंपाने पाणी इकडचं तिकडे करून तोल राखतात. पण वर शत्रू असला तर आवाज नको म्हणून पंप बंद. तेव्हा माणसं हीच वजनं. मागून पुढे यायचं असेल तर बोळाच्या तोंडाशी उभं राहून विचारायचं, पुढे येऊ का?

ताई, मी खिशातून बाबांचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टोपी काढून ठेवली, दोनदा वाचलं आणि विचारलं, घर पुढून मागे किती लांब आहे तुमचं?

मग त्यांनी सांगितलं. पुढे येऊ का, याला तोंडाने उत्तर देऊन भागत नाही. या म्हटलं आणि पुढचा माणूस जागीच राहिला, तर येणाऱ्याचं वजन वाढतंच. म्हणून उत्तर म्हणजे पुढचा माणूस उठतो आणि मागे चालू लागतो. दोघं बोळाच्या मध्यावर एकमेकांना ओलांडतात. समोरून माणूस निघालेला दिसल्याशिवाय विचारणारा पाऊल उचलत नाही, मग कितीही वेळ उभं राहावं लागो. काहीजणांची ही सवय घरी आल्यावरही थोडे दिवस सुटत नाही, म्हणाले. बाबांची जन्मभर का सुटली नाही, असं मी विचारलं. म्हणाले, ते कुठे आणि किती लटकले मला ठाऊक नाही, आणि तुम्हीही त्यांना विचारू नका.

मला यातून नक्की काय कळलं ते मलाच सांगता येत नाही. पण एवढं करून बघ. बाबांनी विचारलं की हाक मारू नकोस, हात धरू नकोस. तू पुढच्या खोलीत असशील तर ऊठ आणि त्यांच्या बाजूने मागे निघून जा. वेड्यासारखं वाटेल, तरी कर. आणि मावशींना विचार, बाबा बोळात आले की त्या काय करतात.

मी सही केलेली नाही. चुकत असेन तर मला माफ कर, पण लोभ तोडू नकोस.

तुझा
भुंग्या


२२ फेब्रुवारी

चि. भुंग्या यास,
अनेक आशीर्वाद, अनेक, अनेक.

मावशींना विचारलं. आधी इकडे तिकडे बघत राहिल्या, मग ओशाळून म्हणाल्या, ताई, रागावू नका, मला साहेबांची जरा भीतीच वाटते, ते उठून आले की मी हळूच स्वयंपाकघरात सटकते. मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्या अजून माझ्याकडे संशयाने बघतात.

त्याच दुपारी मी पुढच्या खोलीत वह्या तपासत बसले होते. बाबा बोळात आले, भिंतीला हात लावला, विचारलं. माझं तोंड सवयीने उघडलं होतं, ते मी मिटलं. उठले. बोळ किती अरुंद आहे तुला ठाऊक आहेच. मी जवळ आले तसे ते भिंतीला चिकटून तिरके झाले, मला वाट दिली, आणि माझा खांदा त्यांच्या खांद्याला घासताना त्यांनी मान लववली. कामावर बरोबरीचा माणूस बरोबर वागला की लववतात तशी. मी मागे स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. वळून बघायची छाती झाली नाही. मग पुढून खुर्चीचा आवाज आला आणि पाठोपाठ पेपरची घडी उघडल्याचा.

मी तिथेच खाली बसून रडले. बाबांसाठी नाही रे, आईसाठी. कॉलेजात असताना मी एकदा तिला म्हटलं होतं की दोन मिनिटं बस ना त्यांच्याजवळ, त्यांनाही बरं वाटेल. ती हसून म्हणाली होती, “मी बसले तर ते कसे बसतील?” मला तो टोमणा वाटला होता. तिने काय पाहिलं असेल, त्यांनी तिला कधी काही सांगितलं असेल का, की एक दिवस तिला आपलंआपणच उमजलं, देव जाणे. पण ते घरात निवांत बसावेत म्हणून ती जन्मभर उठत राहिली, आणि आपण दोघं शहाणे समजत राहिलो की हिला नवरा नकोसा आहे.

आश्रमाच्या बाईंना फोन करून सांगितलं, खाट दुसऱ्या कुणाला द्या. वजनाबद्दल त्यांची माफीही मागितली. गोळ्याही डॉक्टरांना विचारून बंद केल्यात. बाबा दिवसातून चारपाच वेळा पुढेमागे करतात, न अडखळता. त्यांचं बरं चाललंय.

माझं मात्र एक झालंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? ते पुढे असले की मी मागे. ते मागे आले की मी पुढे. बोळात खांद्याला खांदा लागतो तेवढीच आमची भेट. काल मी भाकरी थापत होते, आणि पुढच्या खोलीत बाबा बोलायला लागले. समोर कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते समुद्राबद्दल बोलत होते. एकाचं नाव घेत होते, तो गायचा म्हणत होते, मग आवाज खाली गेला आणि स्वयंपाकघरात मला काही ऐकू येईना. मला राहवलं नाही. पिठाच्या हातांनी तशीच बोळातून पुढे गेले. मला बघताच ते बोलायचे थांबले, लगेच उठले आणि माझ्या बाजूने मागे निघून गेले. मी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. खुर्ची अजून गरम होती.

दोघांच्या घरात हे असंच होणार. तिसरा माणूस लागतो. शूटिंग संपलं की ये, भुंग्या. कितीही दमलेला अस, आधी घरी ये. पुढच्या खोलीत बाबांजवळ बस, पोटभर बस. मी स्वयंपाकघरात असेन. मग मी बोळात येऊन उभी राहीन आणि विचारीन, पुढे येऊ का? तेव्हा काही बोलू नकोस. फक्त ऊठ आणि मागे ये, म्हणजे मला माझ्या बाबांजवळ बसता येईल.

तुझी वाट बघणारी
ताई